बोटीवर न गेलेल्या पोरीचा वाटा

आई बाजारातून घरी यायची तेव्हा तिच्या टोपलीत बहुतेक वेळा काही उरलेलं नसायचं, डोक्यात मात्र दिवसभराचे सल्ले गच्च भरलेले असायचे. मी अकरावी सायन्सला होते. पनवेलच्या मासळी बाजारात आईचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं आणि त्यातली निम्मी माणसं शिकलेल्या घरची होती. बँकेतल्या एक बाई, दातांचे डॉक्टर, कॉलेजात शिकवणारे एक सर, शिवाय कुणाकुणाच्या बायका. आई पापलेट साफ करता करता त्यांना विचारायची, "माजी पोरगी अकरावीला हाय. पुडं काय करू तिचं?" मासळी साफ होऊन पिशवीत पडेपर्यंत त्या माणसांना तिथून हलता यायचं नाही, त्यामुळे उत्तर देणं भागच पडायचं. डॉक्टर म्हणायचे, मेडिकलला खूप खर्च येतो मावशी, त्या नादाला लागू नका. सर म्हणायचे, प्युअर सायन्स करू दे तिला, बेसिक पक्कं पाहिजे. कुणी म्हणायचं कॉम्प्युटर, स्कोप आहे. आई घरी आली की मोरीत पाय धुता धुता हे सगळं त्या त्या माणसाच्या आवाजात मला म्हणून दाखवायची, आणि शेवटी विचारायची, "बाय, प्युवर सायन म्हंजे काय गं?"

आमचं घर खाडीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. शेजारच्या घरात बर्फ फोडायचे, त्याचा ठोक ठोक आवाज भिंतीतून यायचा. आमच्या स्टोव्हचा फर्र आवाज, मागच्या दारी मांजरांची भांडणं, आणि या सगळ्यात मी भिंतीला टेकून पिरियॉडिक टेबल घोकायची. जेवायला तांदळाची भाकरी आणि बाजारात तुटलेले, पिचलेले म्हणून उरलेले बोंबील, किंवा नुसतं सुकटीचं आंबट. चांगली मासळी विकायची आणि मोडकी खायची हा आमच्याकडचा नियमच होता, त्याबद्दल कुणाला वाईट वाटायचं नाही. मला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आई पहाटे उठून लिलावाला जायची, दुपारभर उन्हात बसायची आणि तरी रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिचा माझ्या कॉलेजचा विचार चालूच असायचा. तिचं ऐकून ऐकून मीच दमून जायची. एकदा म्हणाले, "आई, अजून दोन वर्षं आहेत." ती म्हणाली, "दोन वर्सं काय, दोन भरत्या वोहोट्या गं."

आता माझी मुलगी या वर्षी अकरावीला आहे. मागच्या आठवड्यात तिला घेऊन एका करिअर मार्गदर्शनवाल्याकडे गेले होते. गारेगार ऑफिस, भिंतीवर मोठा पडदा, आणि समोर टाय लावलेला मुलगा. त्याने मुलीकडे बघायच्या आधी मला विचारलं, "मॅडम, बजेट काय आहे?" डोक्यावरून एक विमान गेलं, काचा हलल्या, तो जरा थांबला आणि पुन्हा तेच विचारलं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, दिवसभर जासईच्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात बसून कंबर गेलेली. पडद्यावरचे त्याचे रंगीत चौकोन बघताना मला झोप यायला लागली. आईच्या गिऱ्हाइकांना निदान माझी चौकशी तरी असायची, असं मनात आलं.

माझ्या वेळी शेवटी आईच्या मनाने घेतलं ते बँकेतल्या बाईंचं. त्या म्हणाल्या होत्या, फार्मसी करू द्या, नोकरी नाही मिळाली तरी स्वतःचं मेडिकल टाकता येईल. आईला ते एकदम पटलं. कोळीवाड्यात औषधाचं दुकान नव्हतं. रात्री पोर तापलं तर रिक्षा करून बाजारपेठेत जावं लागायचं. आईने त्या दिवशी पायसुद्धा धुतले नाहीत, दारातूनच सांगितलं, "ठरला. बाय, तू औषदाचा दुकान टाकायचा." आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, मला ते हवंच झालं. काचेची कपाटं, लहान लहान खण, पांढरा कोट, आणि अंगाला माशाचा वास न येणारं काम. वर्गात माझ्या बाकावर बसायला मुली कधी कधी कां कूं करायच्या. मी केस तीनतीनदा धुवायची तरी. त्या वयात माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे लागतं ते असल्याच कारणाने लागतं. मला फार्मसिस्ट व्हायचं होतं, याच्याइतकं स्पष्ट मला नंतर आयुष्यात काहीच हवं झालं नाही.

आता पैशाचं. बाबा मोरा बंदरात माझ्या मामाच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट चालवायची आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं काम त्यांचं. बोट मामाची, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणायचे. आमच्यात पगार नसतो. मासळीचे पैसे आले की त्यातून डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे घालायचे. एक वाटा बोटीचा, एक जाळ्यांचा, तांडेलाला जरा जास्त आणि खलाशांना एकेक. सगळा हिशेब मामाच्या ओट्यावर, सगळ्यांच्या समोर. नारळी पुनवेनंतर बोट पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा मामाने वाटे घातले आणि एक वाटा जास्तीचा काढून बाजूला ठेवला. म्हणाला, "ह्यो भारतीचा. ती बारावी होयपर्यंत ह्यो वाटा निंगनार. दुकान झाला की आपल्या सगल्यांचाच हाय तो." खलाशी हसले, माना डोलावल्या. त्या जास्तीच्या वाट्यामुळे प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा कमी होणार होता. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "फुकट वाटा कोनाला नाय पन. हात लावाया लागंल."

हात लावायचा म्हणजे दर रविवारी मोऱ्याला जाऊन फाटलेली जाळी सांधायची. खलाशी आजारी पडला की त्याच्या घरचं कुणीतरी जाळ्याला बसतं आणि वाटा चालू राहतो, ही पद्धत जुनीच होती. अजून बोटीवर न गेलेल्या आणि कधीच न जाणाऱ्या पोरीला ती लावली गेली, एवढंच नवीन. मग रविवारी सकाळी आई आणि मी निघायचो. जासईला ट्रेलरच्या रांगेत एसटी हमखास अडकायची, आणि त्या धुरात मी मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायची. पुढे मोऱ्याला धक्क्याजवळ जाळी पसरलेली असायची. दिवसभर वाकून बसायचं, नायलॉन बोटांत रुतायचा, सोमवारी प्रॅक्टिकलला हात झोंबायचे. पण जाळ्याचं मला एवढं काही वाटायचं नाही. मला जड जायचं ते दुसरंच. वाटा दिला म्हणताना बोटीवरचा प्रत्येक माणूस माझ्यावर हक्क सांगायला लागला. "काय गं, किती मार्क परले?" "तुज्या कालेजात पोरं हायत का पोरीच?" एकजण आपल्या आईच्या सांधेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन यायचा आणि ते कशाचं ते विचारायचा, मी सांगायची, मला अजून माहीत नाही, तर म्हणायचा, "मंग शिकतंस काय?" सगळ्यांच्या मनात माया होती, यात शंकाच नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला एवढ्या माणसांचं देणं लागायला लागलं की युनिट टेस्टला दोन मार्क कमी पडले तरी धक्क्यावर तोंड दाखवायला जिवावर येतं.

माझ्या अभ्यासाचं कधीच काही न विचारणारा खलाशी एकच होता, गणपत. तो आमच्यातला नव्हता. कोन गावाच्या पलीकडे डोंगराला लागून ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. आधी मोऱ्याला बर्फ चढवायला यायचा, मग एकदा खलाशी कमी पडला म्हणून मामाने त्याला बोटीवर घेतलं. पहिले काही दिवस तो पाण्याकडे न बघता काम करायचा म्हणे. बाबा म्हणायचे, घाबरतो पण कामाला वाघ आहे. त्याची मुलगी सुरेखा माझ्याच कॉलेजात अकरावी आर्ट्सला होती. आम्ही मैत्रिणी नव्हतो. स्टँडवर दिसली तर हसायची, नळावर एकदा तिने मला बाटली भरून दिली होती, इतकंच. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. आर्ट्सच्या वर्गावरून जाताना एकदा मी आत डोकावलं, तर तिच्या बाकावर दुसऱ्या कुणाच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. तिची मैत्रीण म्हणाली, भट्टीवर गेली. वीटभट्टीवाला पावसाळा संपायच्या आतच उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, घरातली किती माणसं येणार ते धरून. सुरेखाच्या आईने आपल्याबरोबर सुरेखाचेही हात धरून पैसे उचलले होते.

त्या थंडीत मासळी कमी झाली. बोट जायची आणि डिझेल निघेल एवढंच घेऊन यायची. एका रविवारी हिशेबाला सगळे ओट्यावर बसले होते, आई आणि मी खाली जाळ्यापाशी. मामाने वाटे घातले, नेहमीप्रमाणे माझा बाजूला काढला. त्या दिवशी सगळेच वाटे इतके बारीक होते की माझ्या वाट्याकडे बघायलाही मला नको वाटलं. तेवढ्यात गणपत म्हणाला, "नाखवा, एक इचारू? रागावशील नको." मामा म्हणाला, इचार. गणपत मामाकडे न बघता त्या पैशांकडे बघत म्हणाला, "माजी सुरेखा बी अकरावीलाच व्हती. आता भट्टीवर हाय. तिची उचल मी फेडली तर मालक तिला सोडतोय, बोललोय मी त्याच्याशी. फी तिला नाय पडत, सरकार भरतंय. नुसतं तिचं हात सोडवायचं हाय. बोट तिला वाटा देल का?"

मामाचं तोंड लाल झालं. "अरं, भारती बोटीची पोरगी हाय. तुजी पोरगी बोटीची नाय."

गणपत म्हणाला, "मी बोटीचा हाय नं?"

मामा ओरडायला लागला. बोट माझी, इंजिन माझं, आता प्रत्येकाच्या पोरासाठी वाटे काढत बसलो तर खायचं काय. बोलण्यात खोटं काही नव्हतं. खरंच अजून एक वाटा काढण्यासारखं त्या ढिगात काही उरलं नव्हतं. बाकीचे खलाशी जमिनीकडे बघत होते. त्यांनाही मुलं होतीच की. मग बाबा म्हणाले, "वाटा भारतीचा हाय. एकदा घातला की ज्याचा त्याचा. तिला इचारा."

बाबांनी असं का केलं, हे मी त्यांना पुढे कितीतरी वेळा विचारलं. ते म्हणायचे, बोटीवर असंच असतं. एवढंच. त्या क्षणी मात्र सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, आणि माझ्या हातात जाळ्याची सुई तशीच राहिली. मी आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी मला स्पष्ट सांगत होती, बोलू नकोस. सुरेखाला अर्ध्याने पुरणार होतं हे मला कळत होतं. आणि मला अर्ध्याने अजिबात पुरणार नाही हेही. फार्मसीच्या प्रायव्हेट कॉलेजची फी, हॉस्टेल, सगळं आईने बँकेतल्या बाईंकडून काढून आणलेलं होतं, आम्हाला पाठ होतं. मी विचार केला, मी उदार झाले, असं काही घडलं नाही. मला दुसऱ्यांच्या पिशव्या ठेवलेलं तिचं बाक दिसत होतं आणि ओट्यावर गणपत समोर बसला होता. त्याच्या तोंडावर मला नाही म्हणता येईना. मी म्हणाले, "अर्धा द्या तिला."

परत येताना जासईच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "तू कोन देनारी? मी रोज दहा मान्सांच्या तोंडाकडं बगते. त्यांची मच्ची साफ करते, वर फुकट कोलंबी टाकते, का तर दोन शब्द सांगतील. आनि तू एका शब्दात वाटून मोकली." मी रडायला लागले. म्हणाले, बाबांनी मला का मध्ये घातलं? आई म्हणाली, "बापूस तुजा वेडा. पन जीभ तुजी व्हती." पुढचे कितीतरी दिवस ती घरी येऊन मुकाट पाय धुवायची. कुणाच्या आवाजात काही म्हणून दाखवणं नाही, पुढं काय करायचं विचारणं नाही. गिऱ्हाइकांना तिने विचारणंच सोडून दिलं. जिच्या सल्ल्यांनी मी कंटाळले होते, तिची ती शांतता मला सहन होईना. घरात नुसता बर्फ फोडल्याचा आवाज.

सुरेखा भट्टीवरून आली आणि रविवारी मोऱ्याला जाळ्याला येऊन बसली, कारण हात लावल्याशिवाय वाटा नाही, हे तिलाही लागू होतं. तिला जाळं सांधता येत नव्हतं. शिकवायचं मीच. एकाच जाळ्याच्या दोन टोकांना आम्ही बसायचो, ती चुकवायची, मी उसवून परत करायची, आणि मनातल्या मनात चडफडायची. ती फार बोलायची नाही. भट्टीवर कायम भाजल्यासारखं राहतं, एवढं एकदा म्हणाली. खलाशी आता तिलाही मार्क विचारायला लागले. ती न लाजता खरे मार्क सांगायची. एवढा एकच तिचा मला हेवा वाटायचा, बाकी तिच्यावर रागच होता.

बारावीला मला चांगले मार्क पडले. फार्मसीला नाव लागलं. साठलेल्या अर्ध्या वाट्यांत फी भागत नव्हती. पण फीचा महिना म्हणजे पावसाळा. बोटी बंद, कोळीवाड्यात कुणाच्याच हातात काही नाही, आमचं सगळं देणंघेणं पुनवेनंतरचं. त्यातच मामाने बोट वर काढली तर इंजिनाचं मोठं काम निघालं. आईने सगळं विसरून बँकेतल्या बाईंना गाठलं. कर्जाला घराचे कागद लागतील, त्या म्हणाल्या, आणि कोळीवाड्यातल्या घरांना कागद कुठून असणार? आई परत आली, टोपली कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "सर बोल्ले व्हते ना, प्युवर सायन. तो कर." मी इतके दिवस वाट बघत होते की ती एकदा तरी मला बोलेल, बघ, पूर्ण वाटा असता तर. ती बोलली नाही. त्या वेळीही नाही आणि नंतर शेवटपर्यंत नाही.

गावातल्याच कॉलेजात बी. एस्सी.च्या ॲडमिशनच्या रांगेत उभी होते तेव्हा शेजारच्या बी. ए.च्या रांगेत सुरेखा होती. भिजलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. तिने मला पाहिलं आणि आपली जागा मागच्या मुलीला सांभाळायला सांगून माझ्याजवळ आली. म्हणाली, "तुला माजा राग हाय ना?"

मी म्हणाले, "आहे."

"मला म्हाईत हाय. जाल्याला बसायचो तवाच कलायचं." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तरी पन मी सोडनार नाय. तू दिलास ना अर्धा, आता मी पुरा शिकनार."

मला तिचा इतका संताप आला की मी तोंड फिरवलं. आणि ती बरोबर बोलत होती, हेही मला तेव्हाच कळत होतं, म्हणून जास्तच आला.

सुरेखा शिकली. आता आश्रमशाळेत शिकवते, दिवाळीला न चुकता फोन करते. मी बी. एस्सी. झाले, यार्डात लागले, लग्न झालं, बरं चाललंय. ही गोष्ट ज्यांना माहीत आहे ते लोक मला म्हणतात, केवढं मोठं मन गं तुझं. मला ते ऐकवत नाही. माझं मन मोठं नव्हतं. मेडिकलमध्ये औषध घ्यायला गेले की काउंटरच्या आतल्या मुलीकडे मी आजही जरा जास्त वेळ बघते, आणि घरी येऊन उगाच कुणावर तरी चिडते. सुरेखाला दिलं याचा पश्चात्ताप मला होत नाही, पण माझं गेलं याचं दुःख होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना संपवत नाहीत. तिला अर्धा हवा होता असं सगळे म्हणतात. तसं नव्हतं, अर्ध्यात तिची उचल फिटली एवढंच. तिच्या बापाने बोटीकडे अख्खा वाटा मागितला होता. मलाही अख्खाच हवा होता. आम्हा दोघींपैकी कुणाचंही मागणं हक्कापेक्षा जास्तीचं नव्हतं.